पाच नंबरच्या खिडकीखालचं ठिगळ

३ एप्रिल, कुरोसे

निहेई मासानोबु-सान यांस,

साकुरा कुठवर फुलला ते आधी लिहायचं आणि मग मुद्द्यावर यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. इथला अजून फुललेला नाही, आणि फुलला असता तरी मी तुम्हाला कळवला नसता. कामाचं तेवढं लिहितो.

तुमचं पार्सल काल पोचलं. ते माझ्या पत्त्यावर का मागवलं हे कुरिहारा-सानांनी तुम्हाला कळवलं असेलच. आपले हे शेडप्रमुख आता गावच्या संग्रहालयाचे प्रमुख झालेत. कशाचे तरी प्रमुख असल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. सिमेंट कारखान्याचं आपलं पाच नंबरचं इंजिन भंगारात कापलं गेलं, उरली फक्त पितळी नंबरपाटी आणि भोंगा. त्या दोघांच्या शेजारी काचेच्या कपाटात पाच नंबरचं एक मॉडेल ठेवायचंय. एकच, कारण जागाच तेवढी आहे. एक तुमचं आलंय, एक माझं आहे. दहा मेला समिती बसणार. त्याआधी, "हातानाका, एकतीस वर्षं ते इंजिन तू रंगवलंस, तेव्हा निहेईचं मॉडेल खऱ्याबरहुकूम आहे का ते तूच लिहून दे," असं फर्मान सुटलंय. स्पर्धकालाच परीक्षक केलंय! कुरिहारा-सान बदललेले नाहीत, काळजी नसावी.

टपालात पुढची धरायची दांडी तुटली होती. मी नवी पितळी तार वाकवून डाग देऊन बसवली. आता चुका सांगतो.

रंग फिका आहे. पाच नंबर नारिंगी होतं, तुम्ही ते उन्हात विसरलेल्या छत्रीसारखं केलंय. छपरावर सिमेंटची धूळ थापलीय, पावसाच्या पाण्यानं घट्ट झालेली, कडेला ओघळ आलेली. डिझेल भरायच्या तोंडाखाली तेलाचा काळा डाग आहे. धुराड्याभोवती काजळी. पायऱ्यांच्या कडांचा रंग बुटांनी घासून गेलेला. दर सोमवारी कोण धूत होतं हो ते छप्पर? मी. तुम्ही जगाला काय दाखवताय, की हातानाका झोपा काढत होता?

आणि केबिनच्या डाव्या खिडकीखालचं ते ठिगळ! ते दाखवायची काय गरज होती? सतरा वर्षांपूर्वी तुम्ही इंजिन आत घेताना कडेला घासलंत. जेवणाच्या सुट्टीत, कोणाला कळायच्या आत, मी मैत्रीखातर ते रंगवून लपवलं. घाईत रंग जुळला नाही, जरा पिवळट झाला, एवढंच. ते तुम्ही आता नखाएवढ्या जागेत जसंच्या तसं करून काचेच्या कपाटात मांडणार? मी तुझी लाज झाकली आणि तू माझी उघडी करतोस? हे बरं आहे!

रागात 'तू' असं लिहून गेलो. खोडत नाही.

माझं मॉडेल शेवटच्या फेरीच्या दिवसाचं आहे. त्या दिवसासाठी मी तीन आठवडे राबलो होतो. पुढच्या पट्टीवरचे काळे-पिवळे वाघपट्टे मी टेपच्या मिलिमीटरभर रुंद फिती चिकटवून रंगवलेत, एकाचीही कड फुटलेली नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो कोणाचा आला? पांढरे हातमोजे घालून खिडकीत बसलेल्याचा. उभ्या जन्मात मुख्य चालकाची लाल पट्टी ज्याच्या बाहीवर चढली नाही, त्याचा. रंग मात्र आपोआप चढला असावा.

माझ्या केबिनमध्ये चालक बसवलेला नाही. बाहुली बसवली की मॉडेल स्वस्त दिसतं.

दोन्ही मॉडेलं जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवली होती. सायोको मिसोचं सूप ढवळत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "निहेई-सानांचं कामावर निघालंय. तुमचं लग्नाला."

बायकोला काय कळतंय रंगातलं!

हातानाका तोकुजी

११ एप्रिल

निहेई,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी तीन ओळी. "दांडी बसवलीस, आभार. रंग घरात बघू नकोस. दोन्ही बाहेर उजेडात ने आणि हात लांब करून बघ." हुकूम सोडायची हौस अजून आहे म्हणायची.

आधी हे ऐकून घे. माझ्या मॉडेलचा रंग चुकूच शकत नाही, कारण तो खरा रंग आहे. कारखाना बंद झाला तेव्हा स्टोअरमधला शेवटचा डबा मी घरी आणला होता. ज्या डब्यातून पाच नंबर रंगलं त्याच डब्यातून मी हे रंगवलं. गाळून, पातळ करून, एअरब्रशनं पाच हात मारले. याहून खरं जगात काही असेल का?

पण तू म्हणालास म्हणून नेली दोन्ही बाहेर. कपडे वाळत घालायच्या दांडीखाली कुंपणाची भिंत आहे, तिच्यावर ठेवली. हात लांब केला. मग चार पावलं मागे गेलो.

तुझं पाच नंबर होतं. माझं म्हणजे वीट होती.

मी डोळे पुसले, चष्मा पुसला, जागा बदलल्या, उन्हाची दिशा बदलली. काही फरक पडेना. खऱ्या डब्यातला रंग खोटा दिसत होता आणि तुझा कुठल्या कुठल्या बाटल्यांतून कालवलेला रंग खरा. एवढ्याशा वस्तूवर तोच रंग काळवंडतो, हे मला एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नाही. माझ्या हाताखाली पस्तीस टनी इंजिन होतं, तळहातावर मावणारं नव्हे.

मला राग कशाचा येतो सांगू? तू ब्रश कधी धरलास? चालक माणूस तू! ब्रेकचा दांडा ओढायचा आणि डबा उघडून भात खायचा, यापलीकडे तुझ्या हातांनी काय केलं? आणि आता, दोन वर्षांपूर्वी शिकायला लागून, माझ्याच इंजिनाचा रंग माझ्याहून बरोबर! पोटात नुसती आग पडलीय. सायोको म्हणते, "ॲसिडिटीची गोळी घ्या." मी म्हटलं, याच्यावर गोळी निघालेली नाही.

मी फोन करून विचारलं नसतं, पण तिनं परस्पर केला. तुझं उत्तर तिनं मला लोणच्याची बशी सरकवत सांगितलं. "निहेई-सान म्हणाले, तोकुजीनं ते कायम हातभर अंतरावरून बघितलं. मी रोज सकाळी फाटकापासून चालत येताना बघायचो, मधे सगळी धूळ." एवढंच म्हणालास म्हणे. मग तिला तुझ्या गुडघ्यांची चौकशी करायची होती, ती वीस मिनिटं चालली.

एक मागणं आहे. तुझा रंग मी मान्य करीन. धूळही एक वेळ मान्य करीन. पण ते ठिगळ काढू दे. त्या कपाटासमोर माझे सगळे जुने सोबती येणार. हातानाकाला रंग जुळवता येत नव्हता, हे त्यांनी भिंगातून बघावं असं तुला वाटतं का?

उत्तर लवकर दे.

तोकुजी

२० एप्रिल

निहेई,

तुझं "नको, ते राहू दे" मिळालं. ठीक आहे. मॉडेल तुझं आहे.

एक लहानशी गोष्ट कळवायची होती. ठिगळाच्या जागचा रंग थोडा सुरकुतलाय. तिथलाच, बाकी सगळं जागच्या जागी आहे. इथे हवा फार दमट आहे यंदा. समुद्राकडून वारा येतो तो थेट आमच्या मागच्या खोलीत. शिवाय तुझ्याकडे ओनोमिचीला हवा कोरडी असेल, तिथे वाळलेला रंग इथे आला की असं होत असणार. एनॅमलचा भरवसा नसतोच. मी काळजी घेतलीच होती, वर कापड टाकून ठेवलं होतं.

दुरुस्त होईल. कुरिहारा-सानांना सांगायची गरज नाही.

साकुरा फुलून गळूनही गेला. तुला कळवायचं राहिलं.

तोकुजी

२३ एप्रिल

मासा,

शेडमधली जुनी हाक, मासानोबुचा मासा, पुन्हा लिहितोय. तुझं उत्तर आलं नाही. येऊ नयेच. वीस तारखेचं पत्र टाकून मी घरी आलो तर सायोको मागच्या खोलीत कंबरेवर हात ठेवून उभी.

"हवा दमट आहे ना?"

"आहे."

"मग शेजारीच ठेवलेल्या तुमच्या गाडीला सुरकुत्या का नाहीत?"

लिहितो. सगळं लिहितो.

तुझं "नको" आलं त्याच दिवशी मी कारखान्याचा डबा काढला. सोयासॉसच्या बशीत थेंबभर रंग घेतला, लॅकरच्या कडक थिनरनं पातळ केला आणि तुझ्या ठिगळावर फिरवला. एकच फटका. कोवळ्या एनॅमलवर कडक थिनर गेला की खालचा रंग उचलून येतो, हे शेडमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. ब्रश टेकवताना माहीत होतं. चहा थंड व्हायच्या आत तो रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा झाला, आणि खरं सांगतो, घटकाभर मला बरं वाटलं. म्हटलं, घे आता तुझं पहिलं बक्षीस.

मग घाबरलो. कापूस गुंडाळलेल्या काडीनं ते सगळं उचलायला गेलो. ठिगळ निघालं आणि खाली ओरखडे निघाले.

भिंग आणलं. पितळी पत्र्यावर कोरलेले चार ओरखडे. मागून पुढे चढत गेलेले, तिसरा आखूड. त्यांच्या तळाशी करडा धातू दाखवलेला, कडेला लाल प्रायमर, आणि मधे केसाएवढी दबलेली जागा. हे सगळं करून वर तू ठिगळ मारलं होतंस. अरे, हे कोणाला दिसणार होतं? समितीला? कुरिहाराच्या बापाला तरी दिसलं असतं का? झाकायचंच होतं तर कोरलंस कशाला? मी ज्या क्रमानं ते केलं, त्याच क्रमानं तू केलंस. आधी ओरखडा, मग प्रायमर, मग घाईचा रंग. मला हे सुचलं नसतं, मासा. जन्मात सुचलं नसतं. मी वरवरचं चकाकवत बसलो असतो. त्या चार रेघा बघून मला जेवढा मत्सर वाटला तेवढा पांढऱ्या हातमोज्यांचाही वाटला नव्हता.

तिसरा ओरखडा आखूड आहे हे तुझ्या लक्षात होतं. म्हणजे तो कशानं पडला हेही असणारच. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तू इंजिन घासलंस. सतरा वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत आलोय. रंगकामाची लोखंडी घोडी शेडच्या दारात रुळाला लागून, पाय वर करून उलटी, मी ठेवली होती. मी बर्फ बघत सिगारेट ओढत होतो. तू इंजिन आत घेतलंस, जसं रोज घ्यायचास तसं. घोडीचा तिसरा पाय वाकडा होता, म्हणून तिसरा ओरखडा आखूड.

तू खाली उडी मारलीस आणि म्हणालास, "तुला लागलं नाही ना?"

मग म्हणालास, "कोणी विचारलं तर मी घासलं म्हण. चालकाच्या हातून होतं असं."

कोणी विचारलंच नाही. मला वाटलं, निभावलं.

शेवटच्या फेरीनंतर महिन्यानं, गाव सोडताना, तू निरोप घ्यायला आला होतास, तेव्हा मी घरातच होतो. न्हाणीघरात, कोरड्या टबमध्ये कपड्यांनिशी बसून होतो. सायोकोला म्हटलं, नाही म्हणून सांग. ती अजून मला त्यावरून बोलते.

तोकुजी

१२ मे

मासा,

पुन्हा ठिगळ मारायचं म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं होतं. माझंच तर होतं ते. पण चुकीचा रंग मुद्दाम जुळवून बघ एकदा! चांगल्या उजेडात बसलो की हात आपोआप बरोबर रंग काढतो. आठ वेळा मारलं, आठ वेळा पुसलं. नववा प्रयत्न करताना डोक्यात आलं की त्या दिवशी शेडमध्ये पिवळे दिवे होते. मग खिडकी झाकली, कोठीतला जुना पिवळा बल्ब लावला, भर दुपारी. रंग जवळ आला. पण फटका फारच शांत पडत होता. त्या दिवसाची घाई कुठून आणू?

सायोकोला म्हटलं, "बाहेर उभी राहा आणि मी ब्रश टेकवला की ओरड, कुरिहारा आले म्हणून."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"ओरड म्हणतो ना!"

ती ओरडली. नुसती ओरडली नाही, दार वाजवून, "कुरिहारा-सान, या या, ते आतच आहेत, काहीतरी लपवतायत!" असं ओरडली. माझा हात असा थरथरला की ठिगळ एका फटक्यात जमलं. डावीकडे जाड, उजवीकडे उडालेलं, खालच्या कोपऱ्यात एक ओघळ. उजेडात नेलं तर अगदी तसंच पिवळट. शेजारीण मात्र खरंच कुरिहारा-सानांसाठी चहा घेऊन आली.

परवा समिती बसली. माझ्या खिशात तुझ्या चुकांची यादी होती, सुवाच्य अक्षरात. ती खिशातच राहिली. मी म्हटलं, "रंग बरोबर. धूळ बरोबर. तेलाचा डाग बरोबर. निहेईचं ठेवा."

कुरिहारांनी भिंग लावलं. "आणि हे काय आहे? असं ठिगळ माझ्या इंजिनावर नव्हतं."

"होतं. मी मारलं होतं. इंजिन माझ्या घोडीला घासलं होतं, घोडी मी रुळाला लागून ठेवली होती. निहेईची काही चूक नव्हती."

कुरिहारांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"होतं, मला माहीत आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी सकाळी दिसलं मला. मी तोंडानं बोललो नाही, पण मला डोळे आहेत. मला वाटलं निहेईनं आपटलं आणि तुला गळ घालून झाकून घेतलं. म्हणून तर त्या एप्रिलमध्ये मुख्य चालकाची पट्टी त्याला दिली नाही. पुढेही कधी दिली नाही. इंजिन आपटून लपवणारा माणूस, म्हटलं, कशाला."

मासा, तुला माहीत होतं. का मिळाली नाही हे तुला नक्की माहीत होतं. त्या एप्रिलमध्ये त्यांनी तुला एकट्याला आत बोलावलं होतं, आणि बाहेर आल्यावर मी विचारलं तर तू म्हणालास, "काही नाही, पुढच्या वर्षी बघू." मग आपण दोघांनी बसून माशाचं कालवण खाल्लं आणि तू मला तुझ्यातला तुकडा दिलास.

आणि मी तुला महिन्यापूर्वी त्या लाल पट्टीवरून काय लिहिलं ते मला पाठ आहे. ते पत्र फाडून टाक. नको, ठेव. मला फाडायला सांगायचा हक्क नाही.

तुझं मॉडेल निवडलं गेलं. एकमतानं. मी हात वर केला तेव्हाही पोटात दुखत होतंच, खोटं कशाला बोलू?

तोकुजी

१ जून

मासा,

आज कपाट उघडलं. तुझे गुडघे तुला येऊ देणार नाहीत हे तुझ्या मुलीनं सायोकोला कळवलं होतं. तू नाहीस म्हणून मी तुझ्या वाटचं बघून घेतलं आणि तुझ्या वाटचं कौतुकही मलाच ऐकावं लागलं. ते कौतुक कसं ऐकलं ते माझं मला ठाऊक. लोक कपाटासमोरून हलेनात. बंदरावर पोती शिवणाऱ्या मोनिवा-सान आल्या होत्या, नव्वदीच्या. छपरावरची धूळ बघून म्हणाल्या, "हीच मेली आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची!" आणि मग काठीनं काचेवर टकटक करत, "आणि हे ठिगळ! फाटकाशी उभं राहिलं की दिसायचं. आम्ही म्हणायचो, पाच नंबरनं पोटीस बांधलंय."

म्हणजे सगळ्या गावाला दिसत होतं. आणि मी सतरा वर्षं ते गुपित म्हणून सांभाळलं.

"बघा कसं केलंय, अगदी हुबेहूब," एक बाई म्हणाली. माझ्या जिभेच्या टोकाशी आलं होतं की बाई, ते ठिगळ दोन्ही वेळा मीच मारलंय. पाटीवर एकच नाव आहे, निहेई मासानोबु. बरोबर आहे ते. सायोको माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मी तिला म्हटलं, हसायचं काम नाही.

धूळ कशी केलीस ते मात्र सांग. खडूची पूड आहे हे ओळखलं मी, पण ओघळ कसे काढलेस? पाण्यानं? सांगितलं नाहीस तर मी मरेपर्यंत जळत राहीन, आणि सायोकोनं ते सोसायचं ठरवलेलं नाही.

सोबत पार्सल आहे. माझं मॉडेल. ते वीटकरी आहे हे मला माहीत आहे, तू मुलीच्या घरी कमी उजेडाच्या कपाटात ठेव. शेवटच्या फेरीची गाडी आहे, ती तुझ्याकडेच असायला हवी. केबिनमध्ये बघ. भिंग घेऊन बघ. आता तिथे चालक बसलाय. मान जरा पुढे काढून, तू बसायचास तसा. पांढरे हातमोजे सुईच्या टोकानं रंगवले. उजव्या बाहीवर लाल पट्टी आहे, तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी. तिच्यासाठी दोन आठवडे बसलो, हात पूर्वीसारखा राहिलेला नाही. ती किंचित वाकडी झालीय, पण लाल अगदी तोच आहे. या खेपेला रंग मी बाहेर, दिवसाउजेडी जुळवला.

तोकुजी